जुन्या घरातले सॉकेट वर सरकवण्याची सक्ती नाही

इंग्लंडमध्ये जुने घर घेणाऱ्यांना सर्रास सांगितले जाते की, वायरिंग नव्याने करायचे तर प्रत्येक सॉकेट जमिनीपासून किमान 450 मिलिमीटर उंच न्यावाच लागतो, नाहीतर काम बेकायदा ठरते, आणि हा नियम विजेच्या सुरक्षिततेसाठी आहे. यातला आकडा तेवढा खरा आहे.

तो आकडा इमारत नियमांच्या ‘भाग एम’च्या मार्गदर्शिकेतला आहे. व्हीलचेअर वापरणाऱ्यांचा, तसेच ज्यांना फार वाकता किंवा हात उंचावता येत नाही अशांचा हात पोहोचावा, म्हणून सॉकेट आणि दिव्यांची बटणे 450 ते 1200 मिलिमीटरांच्या दरम्यान असावीत, असे ती सांगते. शॉक लागण्याशी त्याचा संबंध नाही. विजेच्या कामाचे मानक, बीएस 7671, घरातल्या साध्या सॉकेटला ठरावीक उंची घालूनच देत नाही. प्लग आणि त्याची वायर यांना इजा होणार नाही इतक्या उंचीवर तो असावा, एवढीच त्याची अपेक्षा आहे. स्कर्टिंगच्या पट्टीवर बसवलेल्या जुन्या सॉकेटमध्ये प्लग घातला की खालून निघणारी वायर जमिनीला टेकून मुडपते. असा सॉकेट जरूर वर घ्यावा, पण तो या मुडपण्यासाठी.

सक्तीचे म्हणाल, तर भाग एम घरांना 1999 पासून लागू झाला, तोही नव्या बांधकामाला. जुन्या घरात काम करताना, नियमपालनाच्या दृष्टीने घर आधीपेक्षा वाईट अवस्थेत जाऊ नये, एवढीच अट असते. त्यामुळे 300 मिलिमीटरवरचा सॉकेट वायरिंग बदलल्यावरही तिथेच राहू शकतो. मात्र अलीकडच्या घरात 450 वर असलेला सॉकेट दिसायला बरा म्हणून खाली उतरवणे या अटीत बसत नाही. (आणि मार्गदर्शिका म्हणजे कायदा नव्हे, नियमाची गरज अन्य मार्गाने भागवण्यास मुभा असते, हे सांगणारे सहसा विसरतात.)

काम बेकायदा ठरण्याचा धोका आहे तो वेगळ्या ठिकाणी. नवे सर्किट टाकले किंवा कन्झ्युमर युनिट, म्हणजे बोलीभाषेतला फ्यूज बॉक्स, बदलला, तर याच नियमांतल्या, घरातल्या विजेच्या कामाबद्दलच्या ‘भाग पी’नुसार इमारत नियंत्रण विभागाला आधी कळवावे लागते किंवा स्वयंप्रमाणन योजनेत (म्हणजे आपले काम नियमांनुसार असल्याचे स्वतःच प्रमाणित करू देणाऱ्या योजनेत) नोंदलेल्या इलेक्ट्रिशियनकडून काम करून घ्यावे लागते. संपूर्ण वायरिंग बदलताना हे आलेच, आणि पुढे घर विकायला काढल्यावर खरेदीदाराचा वकील विचारतो तो याच कामाच्या प्रमाणपत्राबद्दल.