नागपुरात पाहिजे होता तो

सारा शरीफच्या बापाचं काय करायला हवं होतं, हे आमच्या नागपूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकमतानं ठरलं आहे. मोठ्या मामांनी लिहिलं, "तिकडं फाशी नाहीच म्हन्ते. चाळीस वर्षं बसून खाईन आता. आपल्या नागपुरात पाहिजे होता तो. बायांनी कोर्टातच निकाल लावला असता." त्यावर अंगठे, हात जोडलेले, तिरंगे.

साराचं वय दहा. ऑगस्ट 2023 मध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, वोकिंगच्या घरात पोलिसांना तिचा मृतदेह मिळाला. अंगावर सत्तरहून जास्त ताज्या जखमा, पंचवीस ठिकाणी हाडं मोडलेली, इस्त्रीचा चटका. बाप, सावत्र आई आणि काका आदल्या दिवशीच विमानानं पाकिस्तानला निघून गेले होते. बापानंच तिथून सरे पोलिसांना फोन करून सांगितलं, की मी कायद्याला धरून शिक्षा केली आणि ती मेली. महिनाभरानं तिघं परत आले ते थेट बेड्यांत. डिसेंबर 2024 मध्ये बापाला किमान 40 वर्षं, सावत्र आईला 33, काकाला 16. नोव्हेंबर 2025 मध्ये, यंत्रणा कुठे कुठे चुकली याचा अहवाल आला आणि ग्रुपवर विषय पुन्हा पेटला. मी गिल्डफर्डला राहते, वोकिंग आमच्या लंडनला जाणाऱ्या ट्रेनचा पुढचा थांबा. त्यामुळे साक्षीदार असल्यासारखी सगळी उलटतपासणी माझी.

मामांचा इशारा अक्कू यादव या गुंडाकडे होता, हे नागपूरकराला सांगायला नको. 13 ऑगस्ट 2004 ला जिल्हा न्यायालयाच्या सात नंबरच्या खोलीत कस्तुरबानगर वस्तीतल्या बायांनी त्याला संपवलं. दहा वर्षांनी त्या खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. शहराला याचा अजून अभिमान आहे, आणि नेमकी तिथंच माझी सटकते. त्या बायांनी हातात चाकू आणि तिखट घेतलं, कारण त्याआधी वर्षानुवर्षं त्या पोलिसांकडे जात होत्या आणि तिथून हाकलल्या जात होत्या. बलात्कार, खंडणी, खून, सगळं वस्तीला माहीत होतं. तेव्हा आमच्या सुखवस्तू धरमपेठेतून कस्तुरबानगरला कोण गेलं होतं? मामा तर नाहीच. त्या बायांचं कुणी ऐकलं नाही म्हणून जे घडलं, ते आता आपण "आमच्या नागपुरात" म्हणून छातीवर बिल्ल्यासारखं लावायचं!

इथे तसं नाही, असं मी तावातावानं लिहून टाकलं. इथे काकाला 16 वर्षं झाली ती मारल्याबद्दल नव्हे, त्याच घरात राहून होऊ दिल्याबद्दल. तसा 2004 चा कायदाच आहे. इथे मूल मेलं की सरकारी खाती स्वतःच्या चुका छापून लोकांपुढे ठेवतात. आपल्याकडे असा अहवाल कुणी वाचला असेल तर मला पाठवा.

हे लिहिताना मी सोयीस्कर तेवढंच लिहिलं. 2007 मध्ये लंडनमध्ये बेबी पी म्हणून ओळखलं गेलेलं सतरा महिन्यांचं पोर गेलं, तेव्हा इथल्या एका वर्तमानपत्रानं लाखो सह्या गोळा केल्या त्या समाजसेविकांना हाकला म्हणून. मंत्र्यानं टीव्हीवर बालसेवा विभागाच्या संचालिकेला काढल्याचं जाहीर केलं, आणि 2011 मध्ये अपील कोर्टानं ते बेकायदा ठरवलं. इथली झुंड दगड उचलत नाही, सह्या करते, एवढाच फरक. पण मामांना हे कशाला सांगू?

खरा प्रश्न वहिनीनं विचारला. "तिकडं तर एक थप्पड मारली तरी पोरं उचलून नेतात म्हणता ना? मग हिला काहून नाही नेलं?"

नेलं नाही, कारण यंत्रणा म्हणजे तरी माणसंच. 2019 मध्ये कौटुंबिक न्यायालयानंच ती बापाकडे राहील असं ठरवलं. मार्च 2023 मध्ये शाळेनं तोंडावरचे वळ पाहिले, कळवलं, काही दिवसांत फाइल बंद झाली. पुढच्या महिन्यात बापानं तिला घरी शिकवतो म्हणून शाळेतून काढलं. ती जाण्याच्या आदल्या दिवशी कौन्सिलची माणसं चौकशीला गेली ती जुन्या पत्त्यावर. आणि थप्पड मारली तर पोरं नेतात हेही खोटंच. मारायला स्कॉटलंडमध्ये 2020 पासून, वेल्समध्ये 2022 पासून बंदी आहे. इंग्लंडमध्ये आईबापांची "वाजवी शिक्षा" अजून चालते. आपल्याकडेही बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकानं केलेल्या गोष्टीला सूट आहेच. आधी भारतीय दंड संहितेत 89, आता न्याय संहितेत 27. ती जुनी दंड संहिता 1860 साली इंग्रजांनीच करून दिलेली. त्यामुळे बापाच्या फोनवरच्या त्या वाक्यानं ग्रुपवर सगळे हादरले, तरी आमच्या घरात "चांगलं झोडपल्याशिवाय पोट्टे सुधरत नाहीत" हे कुणी ना कुणी दर दिवाळीत म्हणतंच.

अहवालात आणखी एक गोष्ट आहे, ती मी ग्रुपवर टाकली नाही. शेजाऱ्यांना आवाज ऐकू येत होते. पण तक्रार केली तर आपल्याला सोशल मीडियावर वंशद्वेषी म्हणतील, या भीतीनं ते गप्प राहिले.

हे वाचून मी नागपुरासाठी हळवी झाले. आमच्या गल्लीत पोर रडलं तर समोरची काकू पदराला हात पुसत सरळ घरात यायची, "काहून मारतेस वं पोट्टीला?" म्हणत पोट्टीला काखेत घालून न्यायची. त्यासाठी तिला रेफरल, म्हणजे खात्याकडे रीतसर कळवणं, लागत नव्हतं. इथे मीच मुलीची नखं कापताना खिडकी लावून घेते.

पण मग ऑगस्ट 2023. तोच महिना. नागपुरात बेसा भागातल्या एका फ्लॅट स्कीममध्ये घरकामाला ठेवलेली दहा-बारा वर्षांची मुलगी कोंडलेली सापडली, अंगभर चटके. घरचे तिला आत टाकून बंगळुरूला गेलेले. बिल थकलं म्हणून वीज कापायला माणसं आली तेव्हा ती दिसली. स्कीममध्ये वॉचमन असतो, लिफ्ट असते, गणपती बसतो, सेक्रेटरी असतो. वीजबिलानं सोडवलं तिला. ती जगली म्हणून मोर्चा निघाला नाही, आणि आमच्या ग्रुपवर तर ती बातमी कुणी टाकलीसुद्धा नाही, मी शोधून पाहिलं. काकू फक्त तिच्या ओळखीच्या घरातल्या पोरींसाठी यायची. कामवाल्या पोरीसाठी ती कधी आल्याचं मला आठवत नाही, आणि अशी पोरगी तर आमच्याही घरी होती.

2014 मध्ये लकडगंज भागात शाळेच्या बसमधून उतरलेल्या आठ वर्षांच्या मुलाचं अपहरण करून खून झाला तेव्हा मात्र शहर रस्त्यावर आलं होतं. यायलाच हवं होतं. दोघांना फाशी झाली, पुढे सर्वोच्च न्यायालयानं तिची जन्मठेप केली. खुनी बाहेरचे होते, म्हणून कुणाच्या दाराची कडी वाजवायची वेळ आली नाही.

माझं सांगते. साराची बातमी आली त्या सकाळी मी ट्रेनमध्ये आधी आडनाव वाचलं आणि सुटकेचा श्वास टाकला. आपल्यातले नाहीत. ऑफिसात त्या दिवशी माझ्याशी सगळे जरा जास्तच गोड बोलले. त्यांच्या लेखी साराच्या बापाचं पाकिस्तानातलं झेलम आणि नागपूर एकाच गल्लीत असणार. पंधरवडाभर मी कुणी न विचारता "मी भारतातली, महाराष्ट्रातली" असं सांगत हिंडत होते. मामांनी ग्रुपवर "पाकिस्तानीच ते" लिहिलं तेव्हा मी त्यांना झापलं, ते अशा हक्कानं, की जणू हा विचार मला कधी शिवलाच नव्हता.

वहिनीनं नंतर खासगीत विचारलं, तू शेजारी असतीस तर फोन केला असतास का? गोऱ्यांचं घर असतं तर केला असता. आपल्या माणसांचं असतं तर आधी चार जणींना विचारलं असतं. त्या चार जणींनी व्हिसाचं काय, मंडळाचं नाव जाईल, आपण समजावून बघू, असं म्हटलं असतं, आणि मला ते पटलंही असतं. तिला भारतातल्या चाइल्डलाइनचा 1098 नंबर पाठवला. बेसासाठी, तिच्या स्वतःच्या स्कीमसाठी.

इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला, की गणपतीत मुलांचे कार्यक्रम बसवणाऱ्या सगळ्यांनी सेफगार्डिंगचं, म्हणजे मुलांच्या सुरक्षेचं, ट्रेनिंग करायचं आणि शंका आली तर कुणाला कळवायचं हे पाटीवर लावायचं. खजिनदार म्हणाले, "कशाला? आपल्यात कुठं असं असतं?" निधीचाही प्रश्न निघाला, मग ढोलताशाचा. पुढची बैठक जानेवारीत आहे, तेव्हा पुन्हा काढणार आहे.