आयपीच्या यादीत शेजारी दिसले म्हणून पत्ता बदलायचा?

होस्टिंग सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. दर काही महिन्यांनी तो नवा स्क्रीनशॉट घेऊन परत येतो. सल्ला साधारण असा: डब्ल्यूएचएममध्ये, म्हणजे सीपॅनलच्या सर्व्हर सांभाळायच्या पॅनलमध्ये, ‘शो आयपी ॲड्रेस युसेज’ उघडा. सर्व्हरचे सगळे आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) आणि कोणत्या आयपीवर कोणत्या साइट आहेत ते दिसेल. तुमच्या साइटच्या आयपीवर इतरांची नावं दिसली तर समजा, गडबड आहे. एसएसएल (साइटची एन्क्रिप्टेड जोडणी) नीट चालणार नाही, गुगल साइटला खाली ढकलेल, शेजारची साइट हॅक झाली की तुमचीही होईल, मेल स्पॅममध्ये जातील. उपाय एकच, डेडिकेटेड, म्हणजे फक्त तुमच्या साइटचा, आयपी घ्या.

साधनाबद्दल माझी तक्रार नाही, ते मी रोज उघडतो. पण ती यादी एवढंच सांगते की कुठल्या साइटची विनंती सर्व्हरच्या कुठल्या पत्त्यावर येते. पुढचं सगळं सल्ला देणाऱ्यानं पदरचं घातलेलं आहे.

एसएसएलचा मुद्दा लवकर मिटतो, कारण तो एकेकाळी खरा होता. कुठली साइट हवी हे ब्राउझर विनंतीतल्या ‘होस्ट हेडर’ या ओळीत सांगतो. एन्क्रिप्टेड जोडणीत मात्र ते हेडर हाती येण्याआधीच सर्व्हरला सर्टिफिकेट (साइटच्या ओळखीचा दाखला) दाखवावं लागे, म्हणून एका पत्त्यावर एकच सर्टिफिकेट चाले. २००३च्या आरएफसी ३५४६ या इंटरनेट मानकानं एसएनआय आणलं आणि साइटचं नाव हॅन्डशेकच्या, म्हणजे जोडणी जुळवण्याच्या, सुरुवातीलाच सांगायची सोय झाली. विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ते कधीच जमलं नाही, त्यामुळे जुना नियम बरीच वर्षं रेंगाळला. पण एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २०१४मध्येच बंद केला. आज एकाच आयपीवर शंभर साइट आणि शंभर सर्टिफिकेटं सुखानं नांदतात.

गुगलचं म्हणाल तर, तेव्हाचे तंत्रप्रमुख क्रेग सिल्व्हरस्टाइन यांनी २००२मध्येच सांगून टाकलं होतं की सामायिक आयपीवरची साइट आणि स्वतंत्र आयपीवरची साइट यांत गुगल भेद करत नाही. त्यांचा शब्द बाजूला ठेवला तरी क्लाउडफ्लेअर या साइट आणि वाचक यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या सेवेमागच्या कुठल्याही साइटचा आयपी शोधून बघा. हाती लागतो तो क्लाउडफ्लेअरचा पत्ता, आणि त्याच पत्त्यावर इतर कितीतरी अनोळखी साइट असतात. आयपीव्ही४चे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी, आणि त्यांचे शेवटचे मोठे गठ्ठे आयएएनए या जगभरचे पत्ते वाटणाऱ्या संस्थेनं फेब्रुवारी २०११मध्ये वाटून टाकले. तेव्हा पत्ता वाटून वापरणं हीच आता रीत आहे. त्यावरून साइटची पत जोखली तर निम्मं वेब बदनाम ठरेल.

‘शेजारी हॅक झाला की तुम्हीही’ या वाक्यात भीती खरी आहे, पण दिलेलं कारण चुकीचं आहे. त्याच सर्व्हरवर मिळणारा डेडिकेटेड आयपी म्हणजे त्याच नेटवर्क कार्डावर चढवलेला आणखी एक पत्ता. कर्नल तोच, डिस्क तीच, मायएसक्यूएल हा डेटाबेसही तोच. शेजाऱ्याचा घुसखोर अडतो तो फाइलींच्या परवानग्यांपाशी, प्रत्येक खात्याचं पीएचपी त्याच खात्याच्या नावानं चालवण्यानं, प्रत्येक खात्याला आपल्याच फाइलींत डांबणाऱ्या केजएफएससारख्या कोंडणीनं. दाराला दुसरा नंबर लावला म्हणून मधली भिंत जाड होत नाही. एक गोष्ट मात्र कबूल करतो: शेजाऱ्यावर डीडॉस (खोट्या विनंत्यांच्या भडिमाराचा) हल्ला झाला आणि डेटासेंटरनं तो आयपीच नल-रूट केला, म्हणजे त्याच्याकडे येणारी सगळी वाहतूक टाकून दिली, तर त्या आयपीवरच्या सगळ्या साइट सोबत बंद पडतात. तिथे वेगळा पत्ता उपयोगी पडतो.

आता मेल. इथे मी स्वतः फसलोय, म्हणून जरा थांबतो. एका ग्राहकाचे मेल स्पॅममध्ये जात होते. मी हाच सल्ला मानून त्याच्या साइटला नवा आयपी दिला. यादीत त्याचं नाव नव्या पत्त्यासमोर एकटं दिसलं, मीही खूश. दोन दिवसांनी मेलचे हेडर उघडले, तर ‘रिसीव्हड’च्या ओळीत जुनाच आयपी! एक्झिम हा सर्व्हरवरचा मेल पाठवणारा प्रोग्राम एरवी मेल पाठवतो ते सर्व्हरच्या मुख्य आयपीवरून. साइटचा आयपी बदलल्याचं त्याला सोयरसुतक नसतं. त्यासाठी एक्झिमच्या कॉन्फिगरेशनमध्ये वेगळा पर्याय चालू करावा लागतो, किंवा ‘मेलआयपीज’ फाइलमध्ये डोमेनपुढे पत्ता लिहावा लागतो. त्यानंतरही नव्या पत्त्याचा पीटीआर रेकॉर्ड (पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) हवा, एसपीएफमध्ये (डोमेनचे मेल कुठून यावेत याच्या यादीत) तो पत्ता हवा. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल या बाबतीत जास्तच काटेकोर झालंय. शिवाय कोऱ्या आयपीला पत नसते, ती हळूहळू मेल पाठवत कमवावी लागते. मेलचं दुखणं शोधायचं तर हेडर वाचा. आयपी-यादीत ते सापडणार नाही.

पेमेंट गेटवेच्या बाबतीतही हाच घोळ होतो. गेटवेवाले विचारतात, ‘तुमचा आयपी द्या, व्हाइटलिस्ट करतो.’ आपण यादीत बघून साइटसमोरचा डेडिकेटेड आयपी देतो, आणि व्यवहार नाकारले जातात. कारण साइटच्या पीएचपीनं कर्ल वापरून बाहेरच्या सर्व्हरला केलेली विनंती, कोडमध्ये मुद्दाम वेगळा पत्ता बांधलेला नसेल तर, सर्व्हरच्या मुख्य आयपीवरूनच निघते. यादी सांगते ती येण्याची वाट, जाण्याची नव्हे.

‘सर्व्हरचे सगळे आयपी दिसतील’ हे तरी खरं का? क्लाउडवर सर्व्हरला स्वतःला बहुधा १० किंवा १७२ने सुरू होणारा खाजगी पत्ताच माहीत असतो, सार्वजनिक पत्ता बाहेर नॅटवर, म्हणजे दोन पत्त्यांची अदलाबदल करणाऱ्या यंत्रणेवर, असतो. सीपॅनल या दोघांची जोडी एका फाइलमध्ये नोंदवून ठेवतं आणि पॅनलमध्ये सार्वजनिक पत्ता दाखवतं. मशीन दुसरीकडे हलवलं आणि ती नोंद ताजी केली नाही, तर यादी बिनदिक्कत जुना पत्ता दाखवत राहते. त्यामुळे मी पॅनलची यादी, सर्व्हरवरचे पत्ते दाखवणाऱ्या ‘आयपी ॲडर’ कमांडचं उत्तर आणि बाहेरून केलेली डीएनएसची (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेची) चौकशी, तिन्ही शेजारी ठेवून बघतो.

एवढं करूनही कुणाला पत्ता बदलायचाच असेल तर सल्ल्यात न सांगितलेली एक गोष्ट आहे. पॅनल बदलतं ते स्वतःजवळच्या डीएनएस झोनमधले रेकॉर्ड. डीएनएस दुसरीकडे असेल तर ते हातानं बदलावे लागतात. जुना टीटीएल (नोंद साठवून ठेवायची मुदत) संपेपर्यंत काही लोक जुन्याच आयपीवर येत राहतात, आणि तिथे त्यांना साइटऐवजी सर्व्हरचं डिफॉल्ट पान दिसतं.