अनुदान कुणी तोडलं? निपाणीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

निपाणीकर, नमस्कार.

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाचा जो इतिहास मी लिहिला, त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. 1956 नंतर मराठी वाचनालयांचं अनुदान सूडानं तोडलं गेलं, हे सरळ लिहायचं सोडून मी कायद्याची कलमं सांगत बसलो, हा पहिला. आणि कन्नड पुस्तकांच्या कपाटाचं कौतुक कशाला, हा दुसरा. दुसरा छोटा आहे, शेवटी घेतो.

तेव्हा आपला जिल्हा मुंबई प्रांतात होता. मुंबई सरकारनं 1939 मध्ये ग्रंथालयांचा विचार करायला आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढच्या वर्षी अहवाल आला आणि 1947 पासून तो राबवायला सुरुवात झाली. त्यातली मुख्य गोष्ट अशी की सरकारनं सगळीकडे स्वतःची वाचनालयं थाटायची नाहीत. लोकांनी चालवलेल्यांनाच मान्यता द्यायची आणि वर्गणीच्या जोडीला अनुदान. आपल्या भागाला हे मानवणारं होतं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 पासूनचं, लोकांच्या वर्गणीवर उभं राहिलेलं. (शेजारच्या कोल्हापूर संस्थानानं तर 1945 मध्येच ग्रंथालयांचा कायदा केला होता. हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं.)

1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. त्या राज्यानं 1965 मध्ये ग्रंथालय कायदा केला, त्यावर ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या विचारांची छाप होती. घरपट्टीसारख्या करांवर रुपयामागे 3 पैसे उपकर घ्यायचा आणि त्यातून सरकारी ग्रंथालयं चालवायची. आज हा उपकर 6 टक्के आहे. महाराष्ट्राचा 1967 चा कायदा नेमका उलट्या वाटेनं गेला: उपकर नाही, पण लोकांच्या वाचनालयांना अ, ब, क, ड वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान. सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, वाचनालयाची समिती जिल्ह्याच्या ग्रंथालय कार्यालयात कागद घेऊन जाते ती या वर्गासाठी. सीमेच्या अलीकडे आम्ही घरपट्टीबरोबर उपकर भरतो आणि वाचनालयासाठी वेगळी वर्गणीही काढतो.

आता सूडाचं. धारवाड, विजापूर, कारवार हेही मुंबईतूनच म्हैसुरात गेले. तिथल्या कन्नड मंडळींनी चालवलेल्या वाचनालयांनाही हाच कायदा लागू झाला. सूड म्हणायचा तर तो त्यांच्यावरही उगवला असं म्हणावं लागेल.

भाषेचा प्रश्न येतो तो पुढे, उपकराच्या पैशातून पुस्तकं कुठली घ्यायची तिथं. 2019 मध्ये ग्रामपंचायतींची वाचनालयं ग्रामविकास खात्याकडे गेली, आता त्यांना अरिवु केंद्र (अरिवु म्हणजे ज्ञान) म्हणतात. आमच्याकडच्या केंद्रात मुलांसाठी चांगली पुस्तकं आहेत, जागाही स्वच्छ आहे, पण मराठी पुस्तकं शोधावी लागतात. गावात बहुतेक घरं मराठी, उपकर त्यांनीच भरलेला. इथं तुम्ही कितीही चिडा, मी तुमच्या बाजूला आहे. मागणी करायची तर ही करू या. साठ वर्षांपूर्वीचं अनुदान मागून कोण देणार?

आणि एक गोष्ट तुम्ही निपाणीचे म्हणून मुद्दाम सांगतो. सीमावादावर केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगानं 1967 च्या अहवालात निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यावं असं म्हटलं होतं. बेळगाव शहर मिळत नाही म्हणून महाराष्ट्रानं तो अहवाल फेटाळला. ती भूमिका बरोबर की चूक यावर मी इथं भांडत नाही. पण तेव्हा हो म्हटलं असतं तर तुमच्या निपाणीतली वाचनालयं महाराष्ट्राच्या कायद्याखाली आली असती. याची जबाबदारी बेंगळुरूवर कशी टाकणार?

राहिलं कन्नड कपाट. ते नंतर कुणाच्या दबावानं आलेलं नाही. आमच्या बाजारपेठेत दोन्ही भाषांचे व्यापारी पहिल्यापासून होते, वर्गणी दोघांकडून यायची, म्हणून पुस्तकंही दोन्ही भाषांतली घेतली गेली. ज्यांनी पैसे दिले त्यांची पुस्तकं इतिहासातून गाळायची कशी? सभासद कमी झाले ते टीव्ही आल्यावर आणि पोरं इंग्रजी शाळेत गेल्यावर, आणि त्या बाबतीत मराठी घरं नि कन्नड घरं सारखीच.

तुमच्याकडच्या एखाद्या वाचनालयाची 1956 च्या आसपासची इतिवृत्तं किंवा जमाखर्चाची वही कुणाच्या घरी असेल तर तेवढं कळवा. अनुदान नेमकं कुठल्या वर्षी थांबलं हे त्यात दिसेल, आणि ते माझ्या म्हणण्याविरुद्ध गेलं तरी छापतो.