बिनआरशाचा

गेल्या रविवारपासून खानापूर तालुक्यातल्या निदान तीन गावांत माझी ओळख 'दुकानदारानं ज्याचा आरसा काढून घेतला तो' अशी झाली आहे.

मावसबहिणीच्या हळदीचं शूटिंग मी करायचं ठरलं. म्हणजे मावशीनं ठरवलं. "घरात कॅमेरा असताना बाहेरचा कशाला रे?" आमच्या बेळगावात या वाक्याचा अर्थ पैसे मिळणार नाहीत, पाव किलो कुंदा मिळेल, असा होतो. मी हो म्हणालो. कुंद्यासाठी नव्हे, नवा कॅमेरा चारचौघांत मिरवायचा होता.

मांडवात ट्रायपॉड उभा करतोय तोच तात्या आले. नवरीचे कोण, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात बशी, बशीत चहा.

"केवढ्याला पडला गा?"

"पन्नास हजार." बायको शेजारी उभी होती. तिच्यापुरता आकडा पन्नास आहे.

"लहान दिसतोय की."

"मिररलेस आहे तात्या. आत आरसा नसतो, म्हणून आटोपशीर."

तात्यांनी बशी खाली ठेवली. "आरसा न्हाई?"

इथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण मला समजावून सांगायची खोड. म्हटलं, जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागं एक तिरका आरसा असायचा. तो उजेड वर फेकायचा, म्हणून आपल्याला भिंगातलं दिसायचं. बटण दाबलं की आरसा वर उचलायचा आणि फोटो निघायचा. ह्याच्यात ती भानगडच नाही, उजेड थेट सेन्सरवर.

"ते असूंदे. आधी आरसा असायचा की न्हाई?"

"असायचा."

"ह्याला न्हाई."

"नाही."

"मग पैसं कमी घेतलं असतील."

"उलट जास्तच."

तात्या माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले. तशी नजर मी फक्त गुरांच्या बाजारात पाहिली आहे, वय झालेला बैल तरणा म्हणून घेणाऱ्याकडं बघतात तशी. मग हळूच म्हणाले, "पावती हाय काय?"

"आहे की."

"उद्या जाऊया. मी येतो संगट. पावती असली की आरसा देतोय का न्हाई बघू."

हा मामला इथं मिटला असता. पण तात्या पंगतीत बसले. वाढप्यापासून नवरदेवाकडच्या पाहुण्यांपर्यंत बातमी भाजीच्या आधी पोचली.

आता माझी चूक. सकाळी देवकार्य अंगणात, उन्हात झालं होतं. तिथं खरं तर लेन्सला एनडी फिल्टर लावायचा, म्हणजे गॉगल घातल्यासारखा उजेड कमी होतो आणि शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड किती वेळ आत घ्यायचा तो आकडा, बदलावा लागत नाही. फिल्टर मी टिळकवाडीत घरीच विसरलो होतो. म्हणून शटर १/५०० सेकंद केलं, आणि संध्याकाळी ते तसंच राहिलं. मांडवात ट्यूबलाइटी आणि स्वस्तातल्या एलईडीच्या माळा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं असले दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सेकंदाला २५ फ्रेम घेत असाल तर शटर दुप्पट, १/५० ठेवायचं, की डोळ्याला दिसत नाही ते कॅमेऱ्यालाही दिसत नाही. हे मी स्वतः दहा जणांना ऐकवलं आहे. स्क्रीनवर नवरीच्या तोंडावरून काळ्या पट्ट्या खाली सरकत होत्या, आणि कानामागून आवाज आला:

"बघितलास? आरसा न्हाई न्हवं, म्हणून पट्टं उठतंय."

भोवतीच्या दहा-बारा बायकांनी माना हलवल्या. मी शटर बदललं, पट्ट्या गेल्या. तात्या म्हणाले, "आता तात्पुरतं झालंय."

रंगाचंही तेच. हळदीला व्हाइट बॅलन्स, म्हणजे दिव्याच्या रंगाप्रमाणे चित्राचे रंग जुळवणं, ऑटोवर ठेवू नये. समोर सगळंच पिवळं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं दिवाच पिवळा आहे, आणि तो बिचारा पिवळेपणा कमी करत सुटतो. तेवढं माझ्या लक्षात होतं. लक्षात नव्हता तो मागचा बॅनर. आमच्याकडं लग्नाचा बॅनर म्हणजे वधूवरांचा एक फोटो आणि शुभेच्छुकांचे अठ्ठावीस, नावं निम्मी मराठीत, निम्मी कन्नडमध्ये. माझा ऑटोफोकस माणसाचा डोळा शोधतो. त्याला छापील डोळाही चालतो. घरी येऊन बघतो तर ऐन हळद लागताना नवरी धूसर, आणि तिच्या खांद्यावरून एक मिशाळ शुभेच्छुक इतका लख्ख की गळ्यातल्या चेनच्या कड्या मोजाव्यात. स्क्रीनवर नवरीच्या चेहऱ्यावर बोट टेकवून तो पक्का केला असता तर हे टळलं असतं. पण माझं सगळं लक्ष तात्यांकडं.

आवाजाबद्दल न बोललेलं बरं. बेंजोवाल्यांचा स्पीकर ट्रायपॉडपासून चार हातांवर होता.

माझ्या सेटिंगला तासाला ४५ जीबी भरतात. ते रात्री दोनपर्यंत जागून कापलं, रंग सारखे केले, मिशा टाळल्या. अकरा मिनिटांचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला, तो व्हॉट्सअ‍ॅपनं चेपून चेपून धुक्यात नेला. एकानं अंगठा दाखवला. तोवर कुणाच्या तरी नववीतल्या पोरानं मोबाईल उभा धरून काढलेली तीस सेकंदं चार ग्रुपांवर फिरून माझ्याकडंच परत आली होती. 'किती क्लिअर आलंय,' खाली मावशी.

हसू येतं, पण खरं सांगायचं तर टोचतं. आचाऱ्याला पैसे दिले, मांडववाल्याला दिले, बेंजोवाल्यांना तर वर टॉवेल-टोपी. घरच्या माणसाच्या दोन रात्री मात्र कुणाच्या हिशोबात येत नाहीत. तो हौस म्हणून करतो ना.

काल मावशीचा फोन आला. मला वाटलं, कुंद्याचं काहीतरी असेल.

"त्या पोराचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घालून देशील काय रे? टीव्हीवर लावायचाय."

मी बरं म्हणणार, तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं.

"त्याला विचार गं, पावती सापडली काय म्हणून."