ग्लॉसवर वॉश मारण्याची खात्रीशीर पद्धत

मंडळी, तीन महिने खपून विमानाचं मॉडेल जोडलंय, रंग डाग न पडता बसलाय, डेकलं, म्हणजे खुणांची चिकटचित्रं, सरळ लागलीत आणि आता एवढ्या सुखाचं करायचं काय असा प्रश्न पडलाय? मग वॉश मारा, म्हणजे पत्र्यांमधल्या रेघांत (पॅनेल लाइनमध्ये) उतरून त्या उठून दाखवणारा पातळ गडद रंग. फक्त मी सांगतो तसा मारा. गेल्या रविवारी धुळ्यात, माझ्या स्वतःच्या टेबलावर, याच पद्धतीने मी १:७२चं मिग-२१ चहा निवायच्या आत संपवलं आहे.

सुरुवात क्लिअर ग्लॉसपासून, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक चकचकीत थरापासून, करू. तो गच्चीवर, भर उन्हात फवारा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ ला टेकतो, तेव्हा थेंब हवेतच वाळतात आणि पंखावर पिठासारखे बसतात. हात फिरवला की सँडपेपर. ग्लॉस गुळगुळीत असेल तर वॉश त्यावर घसरतो, रेघ सापडली की तिच्यात शिरतो आणि बाकीचा पुसला की निघून जातो. खरखरीत असेल तर जिथे पडेल तिथेच ठाण मांडतो. आपल्याला हेच हवंय ना?

कोट वाळायची वाट तर मुळीच बघू नका. हाताला चिकटत नाही? झालं. चोवीस तास, अठ्ठेचाळीस तास हे सगळं थंड देशातल्या लोकांचं. आपल्या गच्चीवर पापड दुपारपर्यंत कडक होतो, ॲक्रिलिक काय चीज आहे! वरचा पापुद्रा सुकून आत कच्चं राहतं म्हणे. मॉडेलला नाक लावून वास घ्यायच्या फंदात पडू नका. वास आला म्हणजे कोट अजून कच्चा आहे हे कळतं, आणि कळलं की थांबावं लागतं.

इनॅमलच्या ग्लॉसवर इनॅमलचाच वॉश मारा, जातभाई आहेत, मिसळून जातील.

आणि हो, चमच्यावर चाचणी घेऊ नका. वेळ जातो.

आता टर्पेंटाइन. ॲक्रिलिक ग्लॉसवर तैलरंगाचा वॉश मारायचा तर रॉ अंबरचा मसुराएवढा ठिपका टर्पेंटाइनमध्ये कालवायचा, कोऱ्या चहाइतका पातळ. टर्पेंटाइन सौम्य, नीट वाळलेल्या ॲक्रिलिकला ते धरत नाही. तेव्हा आग्रा रोडला जा, रंगाच्या दुकानात टर्पेंटाइन मागा आणि जे मिळेल ते मुकाट्याने घेऊन या. मी तेच केलं. पोऱ्याने डब्यातून पाण्याच्या जुन्या बाटलीत ओतून दिलं. बाटलीवर कसलंच लेबल नाही. मी विचारलं, हे टर्पेंटाइनच आहे ना, थिनर नाही ना? गल्ल्यावरच्या शेठने मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, ‘एकच शे भाऊ, काय फरक पडस?’

काय फरक पडस! फर्निचरच्या लॅकरमध्ये घालतात ते एनसी थिनर होतं ते. किटचे सांधे जोडायला आपण जे पातळ सिमेंट वापरतो ना, जे प्लॅस्टिक विरघळवूनच जोडतं, थिनर त्याच्याच भाऊबंदांचं. म्हणजे मी विमानाला वॉश मारत नव्हतो, अख्ख्या विमानाला सिमेंट फासत होतो! ब्रशचं टोक पंखाच्या मुळाशी टेकवलं. रोज या क्षणासाठी जीव टाकतो आपण, ती तपकिरी रेघ पॅनेल लाइनमधून इंचभर सरसर धावते, ते बघायला. धावली. आणि तिच्यामागून ग्लॉसवर साय धरली. दुधावर धरते तशीच, सुरकुतलेली. तिरंगी वर्तुळाचं डेकल जागचं हललं, एका बाजूने गोळा झालं. घाबरून मी बोटाने पुसायला गेलो, तर राखी रंग बोटाला आणि खाली प्लॅस्टिक पाकासारखं तार धरतंय. आता त्या पंखावर माझ्या तर्जनीचा ठसा आहे, सरकारी कागदावर उमटतो त्याहून स्पष्ट. खरं मिग-२१ हवाई दलात १९६३ला आलं ते २०२५च्या सप्टेंबरात निवृत्त झालं. बासष्ट वर्षं. शेजारच्या ओझरला बनायचं ते. माझं आग्रा रोडच्या एका बाटलीने खाल्लं.

मेहुणा म्हणाला, ‘दाजी, जळालेलं विमान म्हणून ठेवा ना शोकेसमध्ये.’

पुसताना कापसाची काडी आडवीतिडवी फिरवा. हवेच्या दिशेने पुढून मागे ओढली तर डागसुद्धा खरे वाटतात, उगाच कशाला.

वॉश ओताच. सांध्यांतून आत झिरपला, नुसतं टर्पेंटाइन असलं तरी ताणावर बसलेलं प्लॅस्टिक कधीकधी तडकतं, तेवढीच गंमत.

पण नाही, आता गंमत बास. शेठ, माहीत नाही तर ‘माहीत नाही’ म्हणायला काय पैसे पडतात हो? दोन डब्यांवर दोन चिठ्ठ्या चिकटवायला किती वेळ लागतो? उद्या कुणी ते गरोदर बाईच्या खोलीत दार रंगवायला नेईल, तेव्हाही एकच शे? आणि आपण तरी काय दिवे लावतो? त्या बाटलीचं झाकण उघडलं तेव्हा माझ्या नाकात झणका गेला होता. टर्पेंटाइनला तसा झणका नसतो, हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे. तरी ओतलं. कारण रविवार संपत आला होता आणि मला सोमवारी फोटो दाखवायचा होता! आइस्क्रीमचा एक प्लॅस्टिकचा चमचा घ्यायचा, त्यावर तोच रंग, तोच ग्लॉस, दोन दिवस, मग वॉशचा एक थेंब. पाच रुपयांचं काम. तेवढी अक्कल नव्हती का रे गाढवा?

बाटली अजून अर्धी आहे. मेहुणा ती गेटच्या ऑइलपेंटमध्ये घालायला मागतोय. म्हटलं, अरे, त्यात टर्पेंटाइन लागतं, हे थिनर आहे. तर म्हणतो, ‘एकच असतं ना दाजी?’

त्याला चमचा आणायला पाठवलंय.