पुन्हा तेच स्मोल्ट्झ-पुराण

बेसबॉलमध्ये एखाद्या संघाच्या जीएमने (जनरल मॅनेजरने) ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, केला रे केला, की कुणीतरी पिचर (चेंडू टाकणारा) जॉन स्मोल्ट्झ उकरून काढतोच: डेट्रॉइट टायगर्सने उद्याचा हिरा अटलांटाला देऊन टाकला म्हणे! अहो, ऑगस्ट १९८७ चा स्मोल्ट्झ बघा ना! २० वर्षांचा पोरगा, डबल-एमध्ये (मुख्य लीगच्या दोन पायऱ्या खाली) ४ विजय, १० पराभव, ईआरए (पिचरने नऊ डावांमागे दिलेल्या धावा; कमी तितकं चांगलं) पाचच्या वर. त्याच्या बदल्यात टायगर्सकडे आलेल्या पिचर डॉयल अलेक्झांडरने काय केलं? ११ सामन्यांत सुरुवातीचा पिचर, ९ विजय, ० पराभव, ईआरए १.५३. डेट्रॉइटने डिव्हिजन (लीगमधला आपला गट) मारली ती टोरंटोपेक्षा अवघे २ सामने जास्त जिंकून. अलेक्झांडर नसता तर कसली डिव्हिजन? २०१५ ला स्मोल्ट्झ हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या दिग्गजांच्या सन्मानदालनात) गेला, मान्य. पण तो घडला अटलांटात. ट्रेड तोलताना त्या दिवशीचा गुणतक्ता आणि रोटेशनमधलं (आलटून पालटून सुरुवात करणाऱ्या पिचरांच्या फळीतलं) भगदाड बघायचं, की २८ वर्षांनंतरची पाटी? बोंबलायचंच असेल तर प्लेऑफवर बोंबला. तिथे मिनेसोटासमोर अलेक्झांडर दोन्ही सामने हरला.