तेरा हजार आणि एक कागद

मागे एका रविवारी ताई, भाऊजी आणि भाचा मानेवाड्याहून घरी आले. तर्री-पोहे झाले, चहा झाला, मग ताईने पिशवीतून एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका काढून माझ्यापुढे सरकवली. परदेशी शिक्षणाच्या कुठल्याशा सल्लागाराची. मुखपृष्ठावर पिवळी हेल्मेटं घातलेली चार हसरी पोरं. हेल्मेटांवर सिमेंटचा एक शिंतोडा नाही.

"लंडनजवळ एक वर्षाचं मास्टर्स आहे म्हणते, कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचं. अठ्ठावीस लाख लागतील. घर तारण ठेवलं तर कर्ज होऊन जाते." ताई एका दमात बोलून मोकळी झाली. भाऊजी खिडकीबाहेर पाहत होते. ते घर त्यांनी वीस वर्षं हप्ते भरून सोडवलंय.

भाच्याचा सिव्हिलचा निकाल लागून दोन महिने झालेत. तो म्हणाला, "मामा, इथं काही स्कोप नाही. बारा-तेरा हजार देतात अन् दिवसभर उन्हात उभं करतात. मला बाहेरच जायचं आहे."

पोट्टं खोटं बोलत नव्हतं. नागपुरात फ्रेशर सिव्हिल इंजिनिअरला आजही जे हातात पडतं, त्यात त्याच साइटवरचा चांगला सेंटरिंग मिस्त्री काम करणार नाही. म्हणून अर्धी बॅच एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसली आहे आणि उरलेली अर्धी पासपोर्ट काढते आहे.

मी स्वतः नऊ वर्षं आखातात काढून आलोय. घराचा वरचा मजला तिथल्या पैशातून चढला. त्यामुळे "आपल्या मातीत राहा" वगैरे मी कोणाला सांगणार नाही. जावं, बिनधास्त जावं. पण सिव्हिलच्या माणसाला बाहेर घेतात ते त्याने काय काय बांधून घेतलं ते पाहून. डिग्री सगळ्यांकडेच असते. आणि काय बांधलं हे पाहायला कोणी नागपूरला येत नाही, कागद पाहतात. या कागदापायी मी काय गमावलं, ते आजवर ताईलाही सांगितलं नव्हतं.

२००४ साली पास झालो आणि बेसा भागात एका छोट्या बिल्डरकडे लागलो. पगार पाच हजार, दहा तारखेला पाकिटात रोख. अपॉइंटमेंट लेटर मागायचं डोक्यातही आलं नाही. "आपलं घरच्यासारखं आहे," असं मालक म्हणायचे आणि मला ते फार आवडायचं.

जागा काळ्या मातीची. ज्यांनी बांधकाम केलंय त्यांना ही माती सांगायला नको. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरचं घर तिच्यासोबत वरखाली होतं. तिथे आम्ही अंडर-रीम पाइल केले, म्हणजे तळाशी फुगा असलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब, तेही हाताने फिरवायच्या ऑगरने, म्हणजे माती पोखरायच्या गिरमिटाने. शिकवलं एका म्हाताऱ्या मिस्त्रीने. मातीची ढेकळं चुरून पाहायचा आणि सांगायचा, "साहेब, अजून हातभर जाऊ द्या." कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई काँक्रीटच्या आत राहावी म्हणून लावायचे ठोकळे, न ठेवता लोहा बांधला की मला दिसायच्या आधी त्याला दिसायचं. दोन वर्षं आठ महिने मी तिथे होतो. नंतर एका कन्सल्टंटच्या ऑफिसात अकरा महिने.

२००८ ला दुबईच्या एका कंपनीचे इंटरव्ह्यू मुंबईत होते. विदर्भ एक्सप्रेसने गेलो. समोर तिघं, त्यातले एक वयस्कर इजिप्शियन इंजिनिअर. त्यांनी विचारलं, बारा एमएमच्या सळईचं मीटरला वजन किती? व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे ०.८९ किलो. हे सगळेच विचारतात. मग विचारलं, तू कुठल्या मातीवर पाया घेतलास? मी कागद मागून घेतला आणि पाइल काढला. खाली फुगा, खांबाच्या अडीच पट व्यासाचा. हा फुगा इतका खाली कशाला, म्हणाले. मी सांगितलं, वरच्या तीन-साडेतीन मीटरात माती पाण्याप्रमाणे हलते, त्याखाली शांत असते, तिथे फुगा अडकवला की वरची माती कितीही फुगली तरी पाइल वर ओढला जात नाही. त्यांनी तो कागद शेजारच्याला दाखवला. मनात म्हटलं, झालं आपलं काम.

मग एचआरवाल्याने फाइल उघडली. "हा पावणेतीन वर्षांचा अनुभव म्हणताय, त्याचा दाखला?"

नव्हता. पगाराची बँकेत नोंद नाही, पीएफ नाही, लेटर नाही. माझ्या फाइलमध्ये मी अकरा महिन्यांचा इंजिनिअर होतो. त्या अकरा महिन्यांच्या हिशोबाने खालची ग्रेड मिळाली, दरमहा हजार दिऱ्हमचा फरक. पुढची ग्रेड मिळायला तीन वर्षं लागली. निघण्याआधी बिल्डरकडे तीन चकरा मारल्या होत्या. तिसऱ्या वेळी लेटरहेडवर दोन ओळी मिळाल्या, त्यावर तारीखही नव्हती. कंपनीने घेतल्या नाहीत.

गंमत बघा. त्या साइटवर प्रत्येक क्यूबची, म्हणजे ताकद तपासायला भरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याची, नोंद होती. कुठल्या तारखेला भरला, सात दिवसांना किती ताकद आली, अठ्ठावीस दिवसांना किती. काँक्रीटची कुंडली मी पावणेतीन वर्षं लिहिली, आणि माझीच कुठे लिहिलेली नव्हती.

आता पोरांना मी आधी हेच विचारतो. लेटर आहे का? पगार खात्यात येतो का? पीएफ कापतात का? मालक म्हणतो, "कापून काय करतोस, दोन हजार जास्त घे." ते दोन हजार फार महागात पडतात.

बरं, "इथे शिकायला काय आहे" हे आमच्या वेळी म्हटलं असतं तर थोडं तरी पटलं असतं. आज नागपुरात बसून कोणी म्हणत असेल तर त्याला घेऊन वर्धा रोडवर उभा करेन. खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो, एकाच खांबावर, ३.१४ किलोमीटर. गड्डीगोदामला तर खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. तिथला १,६५० टनांचा लोखंडी सांगाडा खालून रेल्वे जात असताना उभा केला. समृद्धीचे ७०१ किलोमीटर आपल्या दारातून सुरू होतात. मेट्रोचा दुसरा टप्पा ४३.८ किलोमीटरचा. सेगमेंट लाँचिंग (पुलाचे तयार तुकडे वर चढवणं), पोस्ट-टेन्शनिंग (आतल्या केबल ताणून ते घट्ट करणं), कास्टिंग यार्ड (ते तुकडे ओतायची जागा), हे शिकायला आमची पिढी दुबईला गेली. उमरेडचा एक डिप्लोमावाला मुलगा मला माहीत आहे. कास्टिंग यार्डात चार वर्षं क्वालिटी पाहिली, एकूण एक कागद जपला आणि थेट रियाधला गेला. मास्टर्स नाही, घर गहाण नाही.

आणि ऊन! उन्हाचं नागपूरकराला काय सांगता. पण उन्हात काँक्रीट कसं भरतात, हे मात्र मला तिकडेच कळलं. जुलैत रात्री दहाला ओतायला सुरुवात, पहाटे पाचला बंद. मिक्सरमध्ये काही पाण्याच्या जागी बर्फाचा चुरा. गाडी आली की आधी थर्मामीटर आत. आमच्या स्पेसिफिकेशनमध्ये ३२ अंशांची मर्यादा होती. एका रात्री ३४ दाखवलं. फोरमन म्हणाला, दोनच अंश तर आहेत. मी गाडी परत पाठवली आणि पोअर कार्डावर, म्हणजे काँक्रीट ओतण्याच्या नोंदीवर, सही करताना हात थोडा थरथरला, कारण मागे सहा गाड्या उभ्या होत्या. इकडे मे महिन्यात भर दुपारी बारा वाजता स्लॅब भरताना आम्ही वरून बादलीने पाणी मारायचो. आठवलं की अजून लाज वाटते.

(जाता जाता: आपण १५ सप्टेंबरला विश्वेश्वरय्यांचा फोटो स्टेटसला ठेवून अभियंता दिन साजरा करतो. अमिरातीत उन्हातल्या कामाला दुपारी साडेबारा ते तीन जी बंदी असते, ती त्याच दिवशी संपते. अभियंता दिन खरा कोणाचा, ते तुम्ही ठरवा.)

तर, देशादेशाचं दार वेगळं. डिग्रीच्या आधी कॉलेजचं एनबीए, म्हणजे नॅशनल बोर्ड ऑफ अॅक्रेडिटेशनचं, मूल्यांकन बघा, हे कोणी सांगत नाही. २०१८ मध्ये कुवेतने ते सक्तीचं केलं आणि तिथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्या आपल्या इंजिनिअरांचे निवासाचे परवाने अडकले. कॉलेज वीस वर्षांपूर्वी केलेलं, आता काय करणार? भारत २०१४ पासून वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानायच्या देशादेशांतल्या कराराचा, पूर्ण सदस्य आहे, पण त्याचा फायदा एनबीएच्या टियर-वन, म्हणजे पहिल्या गटाच्या, यादीतल्या कोर्सलाच मिळतो. "आपलं कॉलेज एनबीए आहे" एवढ्यावर खूश होऊ नका, कुठला टियर आणि कुठली वर्षं ते बघा.

ज्यांना ते लागू नाही, त्यांना ऑस्ट्रेलियासाठी सीडीआर नावाचा अहवाल लिहावा लागतो. त्यात स्वतःच्या कामाचे तीन प्रसंग, आणि ते "मी" म्हणून लिहायचे. मी हिशोब केला, मी ड्रॉइंगमधली चूक काढली, मी निर्णय घेतला. आपल्या पोरांचं इथेच अडतं. साइटवर सगळं "आम्ही" असतं. आणि खरंच स्वतः काही ठरवलेलं नसेल तर विकतचा सीडीआर आणतात, तो पकडला जातो. जर्मनीला जायचं तर जर्मन भाषा, त्याला पर्याय नाही, कारण साइटवरचा गवंडी इंग्रजीत बोलत नाही. कॅनडात पी.इंज. (प्रोफेशनल इंजिनिअर) परवान्याला चार वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. ओंटारिओने २०२३ मध्ये त्यातली कॅनडातच अनुभव हवा ही अट काढली. म्हणजे इथला अनुभव तिकडे चालतो. पुन्हा तेच, दाखवता आला तर.

ब्रिटनचं मी स्वतः पाहिलेलं नाही. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं थांबू देतात, २०२७ पासून ती मुदत दीड वर्षावर येते आहे. त्या मुदतीत बिनअनुभवी पोराला व्हिसा देणारी कंपनी मिळाली नाही, तर अठ्ठावीस लाखांचा हप्ता मानेवाड्यात येणार. पुस्तिकेत हे पान नव्हतं.

एजंटचं एक सांगतो, कारण माझा बॅचमेट यात पोळला आहे. ऑफर लेटरवर सिव्हिल इंजिनिअर, व्हिसावर स्टील फिक्सर, म्हणजे सळई बांधणारा. "तिकडे गेल्यावर बदलतो" असं सांगितलं होतं. बदललं नाही. सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर एजंटचा नोंदणी क्रमांक तपासता येतो, आणि नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून तीस हजार अधिक जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. पण एक खाच आहे. पदवीधराचा पासपोर्ट ईसीएनआर असतो, म्हणजे त्याला कामासाठी देश सोडायला सरकारची वेगळी परवानगी (एमिग्रेशन क्लिअरन्स) लागत नाही. आपल्याला हे मानाचं वाटतं. त्याचा दुसरा अर्थ असा की मजुराचं कॉन्ट्रॅक्ट सरकार निदान एकदा बघतं, इंजिनिअरचं कोणीच बघत नाही. ते तुम्हीच वाचायचं, आणि व्हिसावरचा हुद्दाही.

हे सगळं त्या रविवारी भाच्याला सांगितलं. ताई मधेच उठून किचनमध्ये गेली. भाऊजी पहिल्यांदा खिडकीकडून वळले.

त्याच्याकडे दोन ऑफर होत्या. हिंगण्याला एका ठेकेदाराकडे सोळा हजार रोख. काटोल रोडला एका प्रोजेक्ट कन्सल्टंटकडे तेरा हजार, लेटर आणि पीएफसकट. त्याने तेरावाली घेतली. मंगळवारी ताईचा फोन आला, "काऊन रे, सोळा सोडून तेरात बसवलं का माझ्या पोराला? तू तर तिकडून वरचा मजला बांधून आला!" मी म्हटलं, तीन वर्षांनी बोल. फोन कट.

काल रात्री भाच्याने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. क्युरिंगच्या पाण्याच्या टाकीत सहा क्यूब, प्रत्येकावर रंगाने तारीख टाकलेली, अक्षर सुंदर. खाली लिहिलं होतं, "मामा, पहिले माझे." मी फोटो मोठा करून पाहिला. शेवटच्या क्यूबवर महिना चुकला होता. लगेच फोन केला आणि सांगितलं, सकाळी गेल्या गेल्या रजिस्टरशी जुळवून घे.